कोप्यांमागचं अंगण

“आक्का, रांग तिकडं धरलीय,” मी म्हणाले.

केशरआक्कानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पडीक रानाच्या मधोमध तिनं एक खुंटी ठोकली होती. खुंटीला दोर बांधला होता आणि दोराचं दुसरं टोक कोयत्याच्या मुठीला. दोर ताणून धरत, कमरेत वाकून ती मागं मागं सरकत होती आणि कोयत्याच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत होती. रेघ वळत वळत गेली आणि जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली. आक्का उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं जरा दम खाल्ला.

“रांग नाही,” ती म्हणाली. “औंदा कोप्या ह्या रेघेवर.”

ट्रकमधून आमचं सामान नुकतंच उतरलं होतं. बीडकडून निघून रात्रभर हिंदकळत आम्ही सांगलीकडं, वारणेच्या काठच्या एका गावाला आलो होतो. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं अशीच कुलूपबंद व्हायची आणि माणसं ऊस तोडायला निघायची. नवराबायको मिळून एक कोयता, अशी आमची मोजणी. आमच्या टोळीत दहा कोयते होते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, राहायचं ते कोपीत. बांबू वाकवायचे, जमिनीत रोवायचे, वरून चटया आणि प्लास्टिकचा कागद टाकायचा, झाली कोपी. आत वाकूनच शिरायचं. झोपायला, चार भांडी ठेवायला आणि अवकाळी पाऊस आला तर अंग चोरून बसायला तेवढी जागा.

केशरआक्का माझी थोरली जाऊ. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पण त्या साली ती पन्नाशीची दिसत होती. मी विशीतली, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल नाही.

गहिनीनाथ मुकादमांनी नेहमीसारखी गाडीरस्त्याच्या कडेनं पायानं रेघ मारून दिली होती. गडी तिथं बांबूचे भारे टाकत होते. मुकादमांचं लक्ष आमच्याकडं गेलं तसे ते चालत आले. मुकादम आमच्याच गावचे, लांबचे नातेवाईक. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

“काय गं केशर, करणी करायलीस का काय?” ते हसत म्हणाले. “रिंगण कशाला ओढलंस?”

“कोप्या इथं घालायच्यात, काका.”

“अशा? गोल?”

“व्हय. तोंडं बाहेर, पाठी आत. दोन कोप्यांच्या मधली फट चटईनं बंद करायची. एकच फट ठेवायची आत जायला. मधल्या जागेत गड्यांनी यायचं नाही.”

मुकादमांचं हसू गेलं नाही, पण बारीक झालं. “आन् तिथं काय करणार तुम्ही?”

आक्का काही बोलली नाही. बाकीच्या बाया सामानापाशी उभ्या होत्या, त्याही बोलल्या नाहीत.

ती का बोलली नाही ते कळायला आधीचं थोडं सांगायला हवं.

रांगेतली कोपी कशी असते ते मी आधीच्या दोन हंगामांत भोगलं होतं. तोंड रस्त्याला. पाठीमागं ऊस असेतोवर जरा आडोसा. तो ऊस आम्हीच तोडायचो, की चारी बाजूंनी उघडं. गावातली माणसं जाता-येता बघायची. मग आंघोळ उजाडायच्या आधी, दोन कोप्यांच्या बोळात, अंगावरचं लुगडं न काढता. एकीनं चादर धरायची, दुसरीनं दोन तांबे ओतून घ्यायचे. तेही जमलं तर. परसाकडं जायचं ते अंधारातच, म्हणून दिवसभर उन्हात ऊस तोडतानासुद्धा आम्ही पाणी घोटघोटच प्यायचो. आणि पाळी आली की कापडं धुवून वाळवायला जागाच नाही. चारचौघांत दोरीवर कोण टाकणार? ती अंथरुणाखाली दडपायची आणि ओलीच पुन्हा घ्यायची. सगळ्याच तसं करायच्या. कुणी कुणाला सांगत नव्हतं, पण प्रत्येकीला ठाऊक होतं.

आमच्या गावात त्या काळी बाया गर्भाची पिशवी काढून यायच्या, दाढ काढून आल्यासारख्या. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, की चला तालुक्याला. तिथल्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणायचा, पिशवी खराब झाली, पुढं कॅन्सर होईल. आक्काची पिशवी अशीच काढली. दोन लेकरं होती, म्हणून सासूबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानंतर आक्काची कंबर गेली. थंडीतसुद्धा तिला मधूनच घामाच्या धारा लागायच्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना तिचे पाय लटलट कापायचे.

मग मला सुरू झालं. आधी जळजळ, मग ताप, मग अंगावरून जाणं. मी दोन महिने लपवलं. उन्हाळ्यात गावी गेल्यावर सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, “एखादं लेकरू होऊ द्या, मग थोरलीसारखं हिचंबी करून टाकू.”

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून आक्का मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, “पिशवीला काही झालेलं नाही. जंतू झालेत. गोळ्या देते, बरं वाटेल. पण पाणी भरपूर प्यायचं, लघवी दाबून धरायची नाही, रोज स्वच्छ आंघोळ, आणि कापड उन्हात वाळलेलंच घ्यायचं. नाहीतर पुन्हा होणार. सारखं सारखं होत राहिलं तर मूल राहायला अवघड जाईल.” मग त्यांनी विचारलं, “राहता कुठं तुम्ही?”

आक्का म्हणाली, “कोपीत.”

बाईंनी पेन खाली ठेवला. “सांगा मला, कशी असते?”

आक्कानं सांगितलं. रांग, रस्ता, बोळ, चादर, सगळं. बाईंनी मधे एकदाही तिला तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, “मग माझ्या गोळ्या निम्मंच काम करतील.”

पुढं एकदा आक्का गोवऱ्या लावत होती, तर मोडक्या गोवऱ्या घेऊन जमिनीवर मांडत बसलेली दिसली. आधी लांब रांग मांडली. मोडली. मग दोन रांगा समोरासमोर. त्याही मोडल्या. सासूबाई ओरडल्या, “अगं, पोरखेळ काय मांडलाय?” मला तेव्हा काहीच उमगलं नव्हतं.

तर, मुकादम विचारत होते आणि आक्का गप्प होती.

“बोल की,” ते म्हणाले. “सकाळी ट्रॅक्टर आला की मी एका टोकाकडून हाका मारीत जातो. तुमची तोंडं दहा दिशांना, मी काय प्रदक्षिणा घालू? आन् रात्री चुलीतली ठिणगी उडाली, एका कोपीनं पेट घेतला, तर सगळ्या जातील.”

“रांगेतबी जातात, काका. दोन सालांमागं चार गेल्याच की,” आक्का म्हणाली. “इथं पाण्याचं पिंप मधी राहील. हात लांब केला की पाणी.”

गडी जमा झाले होते. त्यात आमचे हे होते, थोरले दीर होते. चतुराबाई नावाची एक म्हातारी होती. ती उसाची मोळी बांधायला यायची, कुणाची पर्वा न करणारी. तीच म्हणाली, “आमचं आयुष्य गेलं रांगेत. आम्हाला न्हाई लागलं अंगण.”

“हां, बघ,” मुकादम म्हणाले. “हिला न्हाई लागलं. मग तुलाच कामून लागतंय?”

आक्का हळू आवाजात म्हणाली, “माझी पिशवी काढलीय, काका. सगळ्यांना म्हाईत हाय.”

“तेच म्हणतो मी. निघाली ना? मग आता तुला कशाची अडचण?”

गड्यांतून कुणीतरी फसकन हसलं.

आक्काचा चेहरा पडला. ती रेघेकडं बघत राहिली. मला वाटलं, ती आता खुंटी उपटणार. तिनं हात पुढं केलाही. एवढा वेळ मी तिच्या मागं पदर ओढून उभी होते. दिरांसमोर मी कधी मान वर केली नव्हती, बोलणं तर लांबच.

“मला हाय,” मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की मुकादमांनी विचारलं, “कोण बोललं?”

“मला हाय अडचण. अंगावरून जातंय. मागल्या हंगामापासून.” मी खाली बघत होते. समोर नुसते पाय दिसत होते, गड्यांचे, धुळीनं भरलेले. “डॉक्टरीणबाई म्हणल्या, कापड उन्हात वाळलेलं पाह्यजे. न्हाई तर लेकरू व्हायचं न्हाई. ते मी कुठं वाळवू, काका? रस्त्यावर वाळवू?”

पायांतले एक-दोन पाय मागं सरकले. आमच्या ह्यांचे पाय मी ओळखत होते, ते जागचे हलले नाहीत. जमीन फाटली असती तर मी आत गेले असते.

मुकादम म्हणाले, “पोरी, हे असलं चारचौघांत...”

तेवढ्यात माझ्या उजव्या हाताला बांबू खडखडले. मी मान वर केली. मुकादमांची बायको, शेशाकाकू, रस्त्याकडच्या रेघेवर पडलेला स्वतःच्या कोपीचा भारा ओढत होती. काकू जाड, दमेकरी बाई. भारा तिला उचलत नव्हता. ती तो फरफटत आणत होती. आक्काच्या रिंगणावर आणून तिनं तो टाकला.

“अगं ए,” मुकादम म्हणाले, “तुला काय झालं?”

“पाच वर्षं झालं सांगत न्हाई तुम्हाला,” काकू धापा टाकत म्हणाली. “आता सगळ्यांम्होरं सांगायला लावू नका.”

ती परत वळली, चटया आणायला. ह्या वेळी चटयांचं दुसरं टोक माझ्या थोरल्या दिरांनी उचललं. अबोल माणूस. आक्काच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा ते दवाखान्याच्या पायरीवर नुसते बसून होते. त्यांनी चटया आणून ठेवल्या, मग आपला भारा आणला, आणि आक्काला विचारलं, “आपली कुठं?”

“हिथं,” आक्का म्हणाली. “तोंड उगवतीला करा.”

अंधार पडेपर्यंत दहाही कोप्या उभ्या राहिल्या. मुकादम रस्त्यावर बिडी ओढत उभे होते. त्यांची कोपी बायकोनंच घातली. ते जेवायच्या वेळेला आले आणि दार कुठल्या बाजूला आहे ते शोधत एक चक्कर मारून आत गेले.

दुसऱ्या दिवशी फडात ऊस तोडताना आमच्या ह्यांचं नेहमीचं गुणगुणणं नव्हतं. मग पाचट सोलता सोलता म्हणाले, “मला सांगायचं ना.”

“तुम्ही कधी इचारलं?”

त्यांनी दोन ऊस तोडले. “मला वाटलं, तुला मी आवडत न्हाई. म्हणून लांब लांब ऱ्हातीस.”

मी मोळी बांधायला घेतली. त्यांनी माझ्या हातातला दोर काढून घेतला आणि स्वतः बांधली.

अंगण एका दिवसात झालं नाही. संध्याकाळी फडावरून आलं की जमेल तेवढं करायचं. खताची रिकामी पोती उसवून आम्ही एकमेकींना शिवली आणि कोप्यांमधल्या फटींना लावली. त्यावर उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या उभ्या केल्या. मळ्याच्या विहिरीजवळ एक फुटकी फरशी पडली होती, ती न्हाणीला आणली. कडेला परसाकडंसाठी खड्डा खणून वर दोन दगड ठेवले, शेजारी राखेची पाटी, तीन बाजूंनी चटई. गडी म्हणाले, “आन् आम्ही कुठं जायाचं?” शेशाकाकू म्हणाली, “तुम्हाला सगळा सांगली जिल्हा मोकळा हाय.” त्या दिवशी टोळीत पहिल्यांदा सगळे हसले.

चुकाही झाल्या. न्हाणीचं पाणी बाहेर काढायला आम्ही चर खणला तो उलट्या उताराला. तिसऱ्या दिवशी सोजर नावाच्या पोरीच्या कोपीत पाणी शिरलं, तिचं अंथरूण भिजलं. तिनं चार दिवस आक्काशी बोलणं टाकलं. आक्कानं स्वतःचं अंथरूण तिला दिलं, तांब्यानं पाणी ओतून उतार बघितला आणि चर दुसऱ्या बाजूला नेला. ते पाणी शेजारच्या केळीत जायला लागलं. तिथून नवीच कटकट आली.

रानाचे मालक तातोबा कडक माणूस. सकाळी सायकलवरून आले आणि उतरायच्या आतच ओरडले, “हे काय रं? सर्कशीचा तंबू ठोकलाय काय माझ्या रानात? आणि माझ्या केळीत कुणाचं पाणी सोडलंय?”

मुकादमांनी पुढं व्हायला हवं होतं. ते डोकं खाजवत उभे राहिले. मला वाटलं, आता काका म्हणणार, मी नको म्हणत होतो, बायकांनी केलं. पण ते म्हणाले, “बाया माणसांची न्हाणी हाय, मालक. साबणाचं पाणी हाय. केळीला चालत नसंल तर बुजवून टाकतो.”

तातोबांनी केळीकडं पाहिलं. पानं चांगली तरारली होती. ते जरा वेळ सायकलची घंटी उगीच वाजवत राहिले. मग म्हणाले, “बुजवू नका. त्या पलीकडच्या ओळीलाबी जरा फिरवा.” आणि जाताना सायकलवर टांग टाकून, मागं न बघता, “मोटार चालू असंल तवा नळी घ्या आत. उगं घागरी कशाला वाहता?”

पहिली पाळी आली ती मी त्या अंगणात काढली. दुपारी लवकर सुटी झाली होती. मी कापडं धुतली, तारेवर टाकली आणि त्यांच्याकडं बघत बसले. ऊन स्वच्छ होतं. कापडं वाऱ्यानं हलत होती आणि कुणीही बघत नव्हतं. मग मी पाणी घेतलं आणि फरशीवर बसून अंगावरचं सगळं काढून आंघोळ केली. लग्न झाल्यापासून तळावर मी तसं कधी केलं नव्हतं. माझ्या खांद्यावर मोळी घासून काळा घट्टा पडला होता. तो मी पहिल्यांदा उजेडात पाहिला. मांडीवर पाचटाचे ओरखडे होते, काही जुने, काही नवे. मी सगळीकडं साबण लावला, सावकाश. बाहेर शेशाकाकू राखणीला बसली होती. तिनं विचारलं, “झालं का गं?” मी म्हणाले, “न्हाई अजून.” ती म्हणाली, “असू दे. चालू दे.”

चतुराबाईनं आठवडाभर अंगणात पाऊल टाकलं नाही. एके दिवशी गरम पाण्याची बादली घेऊन आत गेली आणि इतका वेळ बाहेर आली नाही की आम्हाला घोर लागला. सोजरनं आत डोकावून पाहिलं. म्हातारी आंघोळ उरकून, केस मोकळे सोडून, उन्हात पाय पसरून बसली होती. “काय बघायलीस?” ती खेकसली. “मला काय घाई हाय?”

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या मी नेमानं घेतल्या, पाणी भरपूर प्यायले, आणि संक्रांतीपर्यंत माझा त्रास थांबला. तो पुन्हा कधी झालाच नाही असं नाही, पण तसा झाला नाही. दोन वर्षांनी मला मुलगी झाली, मग मुलगा. माझी पिशवी माझ्या पोटात आहे. सोजरची मात्र वाचली नाही. त्याच उन्हाळ्यात तिच्या सासरच्यांनी तिला त्या खासगी दवाखान्यात नेलं, आम्हाला कळेपर्यंत काढूनही झाली होती. अंगणानं सगळं होत नसतं. शेशाकाकूला मी आणि आक्कानं सरकारी दवाखान्यात नेलं, तिला पुष्कळ दिवस उपचार लागला, पण ती जगली, चांगली म्हातारी होऊन गेली. आक्काचं तर जे गेलं ते गेलंच होतं. तिची कंबर काही बरी झाली नाही. त्यानंतर दोनच हंगाम ती आली.

शेजारच्या टोळीतल्या बाया आमचं अंगण बघायला यायच्या. कुणी जाऊन आपल्या मुकादमाशी भांडली, कुणी नुसतं बघून गेली. दुसऱ्या साली आम्हाला कालव्याच्या कडेला चिंचोळी जागा मिळाली. तिथं रिंगण बसेना. मग आक्कानं एका गोठ्याची मागची भिंत धरून कोप्या घोड्याच्या नालासारख्या घातल्या. एका साली मधे दगडच होता, तर अंगण वाकडं झालं. पण रांग परत कधी धरली नाही. आता कारखाना पाण्याची टाकी देतो, कुठं कुठं पत्र्याच्या न्हाण्याही देतात. मी ऊसतोड सोडून बारा वर्षं झाली. अजून तोडीला निघालेली कुणी काही विचारायला आली की पहिली गोष्ट सांगते ती हीच. तुमची कोपी तुम्हीच घालता ना? मग तिची पाठ कुठं करायची ते आधी ठरवा.

त्या हंगामाचा शेवट राहिला.

पट्टा पडला तो फाल्गुनात. शेवटची मोळी भरली, गडी ट्रॉलीवर चढून नाचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला न्यायला ट्रक आला. कोप्या मोडायला घेतल्या. तेव्हा आक्का म्हणाली, “गावी जायाला दिवसभर लागंल. धुळीत जायाचं हायेच, पण न्हाऊन जाऊ.”

आम्ही पाणी तापवलं. एकेक बाई आत जायला लागली. बाहेर गडी सामान बांधत होते. त्यांना थांबता येत नव्हतं, ट्रक भरायचा होता. रस्त्याकडची एक कोपी उतरवली, तशी त्या जागी मोठी फट पडली. आत चतुराबाई होती. ती ओरडली. आमचे हे पटकन जाऊन त्या फटीत बसले, तोंड बाहेर करून, पाठ आत. सामानाची दोरी वळत बसले.

मग दुसरी कोपी उतरली. तिथं थोरले दीर बसले. तिसरी उतरली. जसजशा कोप्या निघत गेल्या तसतसे गडी एकाशेजारी एक येऊन बसत गेले. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी चटया गुंडाळत होतं. एकानंही मान वळवली नाही. शेवटी आत आक्का एकटीच राहिली होती. तिला कंबर शेकायची असायची, म्हणून गरम पाणी ती सावकाश घ्यायची. आता कोपी एकही उरली नव्हती. मी आणि काकू चादर धरून तिच्या जवळ उभ्या होतो, आणि आमच्या भोवती रानात सगळ्या गड्यांच्या पाठी.

ट्रकच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मग तो खाली उतरून आला. उघड्या रानात माणसं गोल करून बसलेली बघून तो बुचकळ्यात पडला.

“काय मुकादम,” तो लांबूनच म्हणाला, “निघायचं का न्हाई? पूजा बिजा चाललीय का काय?”

गहिनीनाथ मुकादम रस्त्याच्या बाजूला बसले होते. ते उठले नाहीत. तोंडातला तंबाखू गालाला सारून म्हणाले, “तू बी बस जरा तिकडं तोंड करून. बाया न्हातायत.”

ड्रायव्हर जाऊन ट्रकचं इंजिन बंद करून आला.